झेंडूची गोळी

भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले, हातातली पिशवी ओट्याच्या कडेला जपून ठेवली आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, "अंडी आहेत. रोज एक उकडायचं. हिच्यासाठी."

भिंतीला अशासाठी, की थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत. मीही त्यांच्याशी कधी थेट बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर आमच्या ह्यांच्यामार्फत, नाहीतर भाऊंच्या बायकोमार्फत, म्हणजे अक्कांमार्फत. भाऊ गेल्यावर मी पिशवी उघडली. आत अंडी, पालकाच्या जुड्या, मक्याची कणसं आणि सगळ्यात वर गोळ्यांची डबी. बघूनच माझ्या तोंडाची चव गेली.

का ते सांगते. येवल्यातलं आमचं घर पैठणी विणणारं. त्या घरात अंडं शिजत नसे. माझी मुलगी पोटात होती तेव्हा मला अंड्याचे डोहाळे लागले. माहेरी आम्ही खायचो, त्यात मला काही वावगं वाटलं नाही, म्हणून मी सासूबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, या चुलीवर नाही शिजायचं. अक्का तिथंच रेशीम उकलत बसल्या होत्या. थोरली सून म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. एक शब्द टाकला असता तर अंगणात वेगळी चूल मांडून का होईना, मला अंडं मिळालं असतं. त्यांनी मान वर केली नाही. सासूबाई गेल्या, ती चूल गेली, गॅस आला, आणि त्या गॅसवर घरातलं पहिलं अंडं शिजलं ते अक्कांच्या डोळ्यांसाठी. उकडायला मी.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गोदावरी त्यांचं नाव. मी घरात आले तेव्हा त्यांचा हात आख्ख्या पेठेत गाजत होता. आमच्याकडे पैठणीचं अंग एकटी बाई विणते, पण पदराला दोघी बसतात, एकाच मागावर, पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडून, मांडीला मांडी लावून. उजवीकडची बोलते, डावीकडची झेलते. म्हणजे उजवीकडचीनं रंग आणि धागे पुकारायचे, "चार हिरवे, दोन जर, सहा तांबडे", आणि डावीकडचीनं तेवढे धागे उचलून त्या रंगाची कांडी त्यातून पलीकडे द्यायची. मोर कुठं वळेल, वेल कुठं थांबेल, हे सगळं उजवीकडचीच्या डोक्यात. डावीकडचीला फक्त हात असतात. पैठणी विकली गेली की पेठेत म्हणायचे, "गोदावरीबाईंचा पदर आहे." अर्धा पदर चंद्रकलाबाईंचा आहे, असं माझ्याबद्दल कोणी कधी म्हणालं नाही.

मला उजवी बाजू हवी होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच मला सगळे मोर तोंडपाठ झाले होते. अक्का पुकारायच्या आधीच माझा हात कांडीकडे जायचा आणि मी तो मुद्दाम थांबवून धरायचे. रोजच्या रोज असं थांबून राहिल्यानं माणसाच्या आत काय काय साचतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

ती अंडी घरात आली त्या वर्षी अक्कांच्या डाव्या डोळ्यासमोर मधोमध धुरकट डाग दिसायला लागला. नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेलं तेव्हा सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. भाऊ औषधाच्या दुकानात रांगेत होते. बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक पिवळा ठिपका असतो. बारीक काम सगळं त्या ठिपक्यावर चालतं. उजेडानं आणि वयानं तो झिजतो, लोखंडाला गंज चढावा तसा. ल्युटीन नावाचा एक पिवळा पदार्थ हा गंज धरू देत नाही. शरीर तो स्वतः तयार करत नाही, खाण्यातूनच यावा लागतो. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्यातलं पिवळं. गोळीतही तोच असतो, झेंडूच्या फुलांतून काढलेला. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, भाजीत तेलतूप असू द्यायचं, तरच तो अंगी लागतो.

अक्कांनी विचारलं, यानं डाग जाईल का. बाई म्हणाल्या, "नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं जास्त दिवस टिकावं म्हणून हे. तुमचा उजवा डोळा अजून चांगला आहे, तो जपायचाय." मग त्यांनी बजावलं, की रोज एकेक डोळा झाकून सरळ रेघेकडे बघा, दाराची चौकट, फरशीची सांध, काहीही. ज्या दिवशी सरळ रेघ वाकडी दिसेल त्या दिवशी गोळीचा, पालकाचा काही उपयोग नाही. तेव्हा डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं आणि तेही लगेच. चार दिवस थांबलात तर डोळा हातचा जाईल. अक्का हसल्या. म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात माग आहे. सरळ रेघेशिवाय मी दिवसभर दुसरं बघते काय?"

घरी येईपर्यंत एवढ्या सगळ्या बोलण्यातून एकच गोष्ट उरली. गोळीनं डोळे बरे होणार. भाऊंनी तसं ठरवलं, आमच्या ह्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या दोघी-तिघी झेंडूची गोळी कशी असते ते बघून गेल्या.

मग घरात अक्कांच्या डोळ्यांचं राज्य सुरू झालं. सकाळी पालकाची भाजी, वर तुपाची धार. दुपारी मक्याचा दाणा वाटून केलेलं थालीपीठ. संध्याकाळी शेवग्याच्या पाल्याची भाजी, ती निवडता निवडता माझी बोटं हिरवी व्हायची. आणि अंडं. मी ते सोलून ताटलीत ठेवायचे. अक्का त्यातलं पिवळं तेवढं बोटांनी काढून घ्यायच्या आणि पांढऱ्याची वाटी माझ्याकडे सरकवायच्या.

"हे तू खा चंद्रे. डाक्तरीण पिवळ्याचं म्हणाली. वाया कशाला घालायचं?"

मी ते पांढरं मांजराला घातलं. रोज घातलं. मांजर महिन्याभरात चांगलं तुकतुकीत झालं.

एकदा कोणी नसताना मी डबीतली एक गोळी तोंडात टाकली. मीही त्याच मागावर बसत होते, त्याच उजेडात, तितकाच वेळ. माझे डोळे काय खुंटीला टांगलेले होते? गोळीला कसलीच चव नव्हती. मनातला जळफळाटही तिनं कमी केला नाही. आमच्या ह्यांना रात्री जेवताना म्हटलं, की मलाही हल्ली डोळे दुखल्यासारखं होतं. ते म्हणाले, उन्हात कमी जात जा. अक्कांना डॉक्टर आणि मला सावली. मी भाकरी ताटात टाकून उठले.

पौषात मोठं काम आलं. नगरच्या एका घरातलं लग्न, नवरीचा शालू, जांभळं अंग आणि पदरावर बांगडी मोर. बांगडीच्या गोलात मोर बसवायचा, तो गोल नेमका उतरला पाहिजे, म्हणून हा पदर सगळ्यांना जमत नाही. मला वाटलं, या वेळी तरी अक्का म्हणतील, चंद्रे, तू बोल. एक डोळा गेलेला, वय झालेलं. आमचा माल विकणारे शेठजी ऑर्डर द्यायला आले तेव्हा मी चहा घेऊन गेले आणि जरा रेंगाळले. शेठजींनी अक्कांना विचारलं, डोळ्यांना झेपेल ना. अक्का म्हणाल्या, गोळी चालू आहे, पहिल्यापेक्षा लख्ख दिसतं आता. मी कपबशा उचलल्या आणि आत आले. मोरीत बसून मी थोडी रडले. अगदी खरं सांगायचं तर त्या गोळीचा गुण येऊ नये, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

अंग विणून झालं आणि आम्ही दोघी पदराला बसलो. पहिल्या दिवशी सगळं ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी बांगडीच्या खालची जरीची पट्टी चालू असताना अक्का पुकारता पुकारता थांबल्या आणि म्हणाल्या, "ओळ वाकडी गेली तुझी. उसव."

मी बघितलं. ओळ सरळ होती. पण डावीकडचीनं वाद घालायचा नसतो. मी उसवली. जर उसवताना फार जपावं लागतं, तिचा मुलामा निघतो, धागा केसाळ होतो. पुन्हा विणली. अक्कांनी मान तिरकी करून बघितली आणि म्हणाल्या, "पुन्हा वाकडी. मधेच पोट आलंय. लक्ष कुठंय तुझं?"

दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, अक्कांचं काही चुकत नाही, तूच नीट बघ. रात्रभर मला एकच वाटत राहिलं. अक्कांना कळलंय, की मला उजवी बाजू हवी आहे. म्हणून दोघा भावांसमोर मला नालायक ठरवायचं चाललंय. पदर बिघडला की चंद्रानं बिघडवला, आणि मग जन्मभर डावीकडे. माझ्या मनात जे होतं तेच त्यांच्याही मनात असणार, अशी माझी खात्री झाली. मत्सर आपल्याला असला की समोरच्याच्या डोळ्यातही तोच दिसतो.

आता आठवून वाटतं, ही चूक विणकराच्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या कुणाला रेघ वाकडी दिसली तर तो डोळा चोळेल. विणकर आधी धाग्याला दोष देतो, मग मागाला, मग शेजारी बसलेल्या बाईला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी चौथ्यांदा उसव म्हटलं आणि मी कांड्या खाली ठेवल्या.

"नाही उसवणार."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना असं कोणी बोललेलं नव्हतं. मी मागाच्या खड्ड्यातून पाय वर घेतले, डोक्यावर पदर घेतला आणि ओसरीवर जाऊन भाऊंच्या समोर उभी राहिले. भिंतीसमोर नाही, भाऊंसमोर.

"भाऊ, फूटपट्टी घेऊन आत या. आणि तुमच्या डोळ्यांनी बघा, माझी ओळ वाकडी आहे का."

भाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला. लग्नानंतर मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. हेही आतून धावत आले, मला गप्प करायला. पण भाऊ उठले. फळीवरची लाकडी फूटपट्टी त्यांनी काढली, मागापाशी उकिडवे बसले आणि पट्टी जरीच्या ओळीवर ठेवली. ओळ पट्टीला अशी चिकटून बसली होती, की मधून दोरासुद्धा गेला नसता.

"सरळ आहे गोदा," भाऊ हळू म्हणाले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ह्यांच्याकडे बघितलं, आता बोला म्हटलं मनातल्या मनात. अक्का वाकल्या, नाक पट्टीला लागेपर्यंत वाकल्या, आणि मग सरळ बसून म्हणाल्या, "ही पट्टीच वाकलेली आहे."

 मला हसू यायच्या बेतात होतं, जिंकल्याचं हसू. ते ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. अक्कांची नजर पट्टीवरून दाराकडे गेली होती. तिथून खिडकीच्या गजांकडे, तिथून परत पट्टीकडे. प्रत्येक ठिकाणी त्या जराशा थांबत होत्या.

"अक्का," मी विचारलं, "दाराची चौकट कशी दिसते?"

त्या पुन्हा चौकटीकडे वळल्या. मी पुढं झाले आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला. आधीच धुरकट झालेला तो डोळा. राहिला उजवा.

"आता सांगा."

"मधे वाकली आहे," त्या म्हणाल्या. "पाण्यात बघावी तशी. दोन-तीन दिवस झाले असतील."

डॉक्टरीणबाईंचं बोलणं घरातल्यांपैकी आम्ही दोघींनीच ऐकलं होतं. मी ते सगळं भाऊंना सांगितलं, पुन्हा समोरासमोर. गोळी राहिलेलं टिकवायला होती, हे दुखणं वेगळं आहे, याला इंजेक्शन लागतं आणि ते आजच. भाऊ घाबरले. ते म्हणाले, पण रोज गोळी दिली, पालक दिला, अंडंसुद्धा दिलं. जणू अंड्यानं दगा दिला होता. हे म्हणाले, दुपारची गाडी आहे. अक्का मात्र मागावरून हलल्या नाहीत.

"पदर झाल्यावर जाऊ," त्या म्हणाल्या. "लग्नाचा शालू आहे. अर्धा टाकून मी कुठं जात नाही."

"चार दिवस थांबलात तर डोळा जाईल, असं बाई म्हणाल्या होत्या. ऐकलं होतं तुम्ही."

"ऐकलं होतं." त्यांनी कांडी उचलली. "आणि तू का एवढी घाई करून राहिलीस तेही कळतंय. तुला माझी जागा पाहिजे."

दोघे भाऊ ऐकत होते. अशा वेळी धाकट्या जावेनं काय म्हणायचं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. नाही हो अक्का, असं काय बोलता, तुमची जागा तुमची. ते शब्द तोंडाशी आलेही. पण इतक्या वर्षांचं जे साचलेलं होतं ते त्यांना बाजूला सारून बाहेर आलं.

"पाहिजे," मी म्हणाले. "आल्यापासून पाहिजे. तुम्ही पुकारता ना, त्याआधी मला माहीत असतं. तुमच्या पदराचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. तुमचं अंडं उकडताना दुखतं. तुमच्या गोळीचासुद्धा मी हेवा केलाय."

"चंद्रे," हे म्हणाले.

"बोलू द्या मला. अक्का, आज गेलात तरी मी तिथं बसणार आहे. नाही गेलात तर तुम्ही आंधळ्या व्हाल, आणि तरीही मीच बसणार आहे. जागा मला मिळणारच आहे. पण अशी नको. मी उजवीकडे बसलेली तुम्हाला दिसली पाहिजे. माझा मोर तुम्ही बघितला पाहिजे. तुम्ही नाही बघितला तर तो मी कुणासाठी काढू?"

अक्कांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सरळ दिसत होते की वाकडी, कोण जाणे. मग त्यांनी हातातली कांडी फणीशी खोचली, खड्ड्यातून पाय वर घेतले आणि भाऊंना म्हणाल्या, "माझं ते जांभळ्या काठाचं लुगडं काढा. दवाखान्यात काय हे नेसून जाऊ?"

त्या दुपारीच आम्ही नाशिकला गेलो. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या आणि मग म्हणाल्या, उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. इंजेक्शन दिलं. पुढं महिन्या महिन्यानं आणखी दिली. उजवा डोळा वाचला. सगळा नाही. दाराची चौकट सरळ झाली, माणसं ओळखू यायची, कांड्यांचे रंग कळायचे, पण एकेक धागा मोजण्याइतकं त्या डोळ्यात राहिलं नाही. बाईंनी गोळी चालूच ठेवायला सांगितली, पालक आणि अंडंही. राहिलेलं आता पहिल्यापेक्षा मोलाचं, म्हणाल्या. घरात या वेळी सगळ्यांनी ते नीट ऐकलं, कारण भाऊंना मी आत नेऊन समोर बसवलं होतं.

हे सगळं पुढचं; पहिल्या इंजेक्शननंतरच्या दिवसांत शालूचं काम अडलं होतं. शेठजींनी लग्नाच्या तारखेची दोनदा आठवण करून दिली. एकटीनं पदर होत नाही आणि बाहेरच्या बाईला आमचे मोर ठाऊक नाहीत. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अक्का उठून मागाच्या खोलीत आल्या. मी नुसतीच फणी पुसत बसले होते. त्या मागाच्या कडेला आल्या, हातानं खड्डा चाचपला आणि डाव्या बाजूला बसल्या. मांडी सरकवून घेतली, कांड्या लावून घेतल्या आणि ताण्याचे धागे बोटांनीच चाचपून मोजले.

"बस," त्या म्हणाल्या. "आज तू बोल. मी झेलते."

मी उजवीकडे बसले. माग तोच होता, तरी खिडकीचा उजेड इथून वेगळा पडत होता. मोर सगळा डोक्यात होता, पहिल्या धाग्यापासून शेवटच्यापर्यंत.  तरी पुटपुटल्यासारखं म्हणाले, "दोन जर, चार हिरवे."

अक्कांचे हात मांडीवर तसेच राहिले.

"ऐकू नाही आलं."

"दोन जर, चार हिरवे, अक्का."

"मोठ्यानं बोल की," त्या म्हणाल्या. मान माझ्याकडे न वळवता, समोर ताण्याकडे बघत. "उजवीकडे बसलीस ना आता? मग पुटपुटतेस कशाला? डावीकडच्या बाईला काय, सांगितलं तेवढं करायचं. ती काय बोलणार."

तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं माझ्याच पोटात होता तो. दात आवळून, शब्द मोजून, मान खाली ठेवून बोललेला. अक्कांच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. डोळ्यांचं एवढं झालेलं, वयानं मोठ्या, त्यांच्या मानाच्या जागेवर मी बसलेली. पण खोटं कशाला सांगू, तो मला फार गोड लागला. गोदावरीबाई माझ्यावर जळत होत्या.

मी पाठ ताठ केली आणि ओसरीवर भाऊंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुकारलं, "दोन जर, चार हिरवे."

अक्कांचा हात माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच कांडीकडे गेला होता, आणि त्यांनी तो मुद्दाम थांबवून धरला होता.